चीनमधील ऋतुचर्येची परंपरा : राजकर्तव्यापासून व्यक्तिगत जबाबदारीपर्यंत – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

ऋतुमानानुसार आहार, निद्रा, व्यायाम व मनोवृत्ती यांत बदल करावा आणि त्यायोगे रोग होण्यापूर्वीच त्याला प्रतिबंध करावा, ही कल्पना भारतीय वाचकाला अपरिचित नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील 'तस्याशितीय' या सहाव्या अध्यायात सहा ऋतूंचा आहारविहार सविस्तर सांगितला आहे. आशिया खंडातील दुसरी प्राचीन संस्कृती असलेल्या चीनमध्येही अशीच एक समृद्ध परंपरा विकसित झाली. तिला चिनी भाषेत 'यांगशेंग' म्हणजे 'जीवनाचे पोषण' असे म्हणतात. अलीकडच्या काळात या परंपरेचे वर्णन 'हजारो वर्षांचे अपरिवर्तित ज्ञान' अशा शब्दांत केले जाते. आरोग्यविषयक लोकप्रिय पुस्तकांतून तिचे नियम काळ व स्थळ यांच्यापासून अलग करून मांडले जातात. परंतु कोणतीही परंपरा इतिहासाबाहेर नसते. ऋतुचर्येचे नियम चीनमध्ये कोणी केले, कोणासाठी केले आणि ते मोडल्यास दोष कोणाला दिला गेला, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक कालखंडात निराळी होती.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) चिनी ऋतुचर्येच्या उगमाचा व विकासाचा आढावा घेणे.
२) ऋतुपालनाची जबाबदारी राजसत्तेकडून कुटुंबाकडे व पुढे व्यक्तीकडे कशी सरकत गेली, याचा शोध घेणे.
३) साथीचे रोग व आधुनिक सार्वजनिक आरोग्य यांच्या संदर्भात या परंपरेच्या मर्यादा तपासणे.

राजाचे ऋतुपालन :

चिनी ऋतुविचाराचा आरंभ वैद्यकात नव्हे, तर राज्यशास्त्रात आढळतो. इ. स. पू. २३९ च्या सुमारास छिन राज्याचा प्रधान ल्यू बुवेई याच्या आश्रयाने 'ल्यूशी छुनछिउ' हा ग्रंथ सिद्ध झाला. त्याच्या पहिल्या भागात बारा महिन्यांची बारा प्रकरणे आहेत. हाच मजकूर पुढे 'युएलिंग' म्हणजे 'मासिक आज्ञा' या नावाने 'लीजी' या कर्मकांडविषयक अभिजात ग्रंथात समाविष्ट झाला. राजाने कोणत्या महिन्यात राजवाड्याच्या कोणत्या दालनात राहावे, कोणत्या रंगाची वस्त्रे ल्यावीत, कोणते धान्य व कोणते मांस खावे, हे तेथे नेमून दिले आहे. वसंतात राजाची वस्त्रे हिरवी आणि आहारात गहू व मेंढीचे मांस, असा तो नियम होता.

या नियमांचा हेतू राजाची प्रकृती सुधारणे एवढाच नव्हता. वसंत हा जन्माचा काळ, म्हणून त्या ऋतूत झाडे तोडू नयेत, पक्ष्यांची घरटी मोडू नयेत. शरद हा संहाराचा काळ, म्हणून मृत्युदंड व युद्ध यांची योजना त्या ऋतूत करावी, असा हा विचार होता. राजाने वसंतात शरदाला योग्य अशा आज्ञा काढल्या तर प्रजेत मोठी रोगराई माजेल, असा स्पष्ट इशाराही ग्रंथात आहे. म्हणजेच लोक आजारी पडले तर त्याचे कारण राजाच्या ऋतुभंगात शोधावे, ही भूमिका येथे स्वीकारलेली दिसते.

हे विधान केवळ ग्रंथापुरते मर्यादित राहिले नाही. वायव्य चीनमधील दुनह्वांगजवळ श्वानछुआनझी येथे हान काळातील एका टपाल-चौकीचे उत्खनन १९९० ते १९९२ या काळात झाले. तेथील भिंतीवर शाईने लिहिलेला एक राजादेश सापडला. इ. स. ५ मध्ये सम्राज्ञीमातेच्या नावाने निघालेल्या या आदेशात चार ऋतूंचे विधिनिषेध कलमवार दिले आहेत. राजधानीपासून शेकडो कोस दूर, वाळवंटाच्या कडेला असलेल्या चौकीच्या भिंतीवर वृक्षतोडीची व घरटी मोडण्याची बंदी लिहून ठेवली जावी, यावरून ऋतुपालन हा त्या काळी प्रशासनाचा विषय होता, हे सिद्ध होते.

याच काळात कालगणनेचीही घडी बसली. इ. स. पू. १३९ मध्ये हान सम्राटाला सादर झालेल्या 'ह्वाइनानझी' या ग्रंथात वर्षाच्या चोवीस सौरविभागांची संपूर्ण यादी मिळते. सूर्याच्या वार्षिक गतीवर आधारलेला प्रत्येक विभाग सुमारे पंधरा दिवसांचा असून 'वसंतारंभ', 'पर्जन्यजल', 'कीटकजागृती', 'धान्यवृष्टी', 'महाशीत' अशी त्यांची नावे आहेत. इ. स. पू. १०४ च्या 'ताइछू' पंचांगाने या विभागांना अधिकृत स्थान दिले. ही नावे पीत नदीच्या खोऱ्यातील हवामानाचे व शेतीचे वर्णन करतात, ही गोष्ट महत्त्वाची आहे. दक्षिणेकडील उष्ण ग्वांगदोंग प्रांतात 'महाशीत' हे नाव अनुभवाशी जुळत नाही. तरीही साम्राज्याचे पंचांग एक असल्यामुळे ते सर्वत्र पोहोचले.

शरीरातील ऋतू :

राजधर्माशी निगडित असलेला हा विचार व्यक्तीच्या शरीरापर्यंत कसा आला, यावर गेल्या अर्धशतकातील उत्खननांनी प्रकाश टाकला आहे. हूनान प्रांतातील छांगशाजवळ मावांगदुई येथील तिसरी कबर इ. स. पू. १६८ मधील आहे. १९७३-७४ मध्ये तिच्या उत्खननात व्यायाम करणाऱ्या ४४ स्त्री-पुरुषांच्या आकृती असलेले रेशमी चित्र मिळाले. हूबेई प्रांतातील झांगजियाशान येथील २४७ क्रमांकाची कबर त्याहून थोडी आधीची, इ. स. पू. १८६ च्या सुमाराची आहे. तेथे सापडलेल्या बांबूच्या पट्ट्यांवर 'यिनशू' नावाचा व्यायामविषयक ग्रंथ लिहिलेला असून त्याच्या आरंभी चार ऋतूंची दिनचर्या आली आहे. सकाळी केव्हा उठावे, केस कसे विंचरावे, कोठे फिरावे, स्त्रीसंग केव्हा आवरता घ्यावा, अशा घरगुती सूचना तेथे आहेत. झांगजियाशानची कबर एका सामान्य दर्जाच्या अधिकाऱ्याची मानली जाते. म्हणजे राजवाड्यातील ऋतुपालन या काळापर्यंत अधिकारी वर्गाच्या घरात आले होते.

या विचाराला शास्त्रीय चौकट मिळाली ती 'ह्वांगदी नेइजिंग' म्हणजे 'पीत सम्राटाचा आंतरिक ग्रंथ' या संहितेत. तिचा गाभा सर्वसाधारणपणे इ. स. पू. दुसऱ्या व पहिल्या शतकांतील मानला जातो. तिच्या 'सूवन' या भागाचा दुसरा अध्याय संपूर्णपणे चार ऋतूंना वाहिलेला आहे. वसंतात व ग्रीष्मात रात्री उशिरा निजून लवकर उठावे, शरदात लवकर निजून कोंबड्याबरोबर उठावे, हेमंतात मात्र लवकर निजावे आणि सूर्य वर आल्यावरच अंथरूण सोडावे, असे तेथील मत आहे. मनोवृत्तीचेही ऋतुमान आहे. वसंतात ती मोकळी व उदार असावी, ग्रीष्मात क्रोध टाळावा, शरदात चित्त आवरून घ्यावे आणि हेमंतात ते झाकून ठेवावे.

या अध्यायातील सर्वांत महत्त्वाची कल्पना विलंबित परिणामाची आहे. वसंताचा नियम मोडल्यास यकृताची हानी होते, पण तिचे फळ ग्रीष्मात दिसते. ग्रीष्माच्या नियमभंगाचे फळ शरदात, शरदाचे हेमंतात आणि हेमंताचे पुढील वसंतात मिळते. त्यामुळे आजच्या विकाराचे कारण मागील ऋतूतील वर्तनात शोधण्याची सवय वैद्याला व रुग्णालाही लागली. येथे एक मूलगामी बदल घडला. 'युएलिंग'मध्ये रोगराईचा दोष राजाकडे होता; 'नेइजिंग'मध्ये तो रुग्णाच्या स्वतःच्या वागण्याकडे आला.

भारतीय ग्रंथांशी तुलना केली असता हा फरक अधिक स्पष्ट होतो. चरकाने सहा ऋतूंची विभागणी आदान व विसर्ग अशा दोन काळांत केली आणि वर्षा ऋतूला स्वतंत्र स्थान दिले. चिनी ग्रंथांनी चार ऋतू मानले. दोन्ही भेद त्या त्या भूमीच्या हवामानातून आले आहेत. मात्र चरकसंहितेत ऋतुचर्येचा विचार सूत्रस्थानात, तर सामुदायिक रोगराईचा विचार विमानस्थानातील 'जनपदोद्ध्वंसनीय' अध्यायात स्वतंत्रपणे केला आहे. वायू, जल, देश व काल बिघडल्यामुळे भिन्न प्रकृतीची माणसे एकाच रोगाने मरतात आणि या बिघाडाच्या मुळाशी देशातील प्रमुखांचा अधर्म असतो, असे तेथे म्हटले आहे. व्यक्तीची चर्या व सत्ताधाऱ्याची जबाबदारी या दोन गोष्टी चरकाने वेगळ्या राखल्या. चीनमध्ये या दोहोंतील ताण पुढील दोन हजार वर्षे कायम राहिला.

कुटुंबाचे पंचांग :

इ. स. च्या दुसऱ्या शतकात छुई शी या हान अधिकाऱ्याने 'सिमिन युएलिंग' हा ग्रंथ लिहिला. 'मासिक आज्ञा' हे नाव तेच, पण आज्ञा पाळणारा आता राजा नसून जमीनदार कुटुंब आहे. पेरणी, रेशीम, धान्याची खरेदी-विक्री यांच्या बरोबरीने औषधे केव्हा कुटून ठेवावीत, हेही त्यात आहे. उत्तरायण व दक्षिणायन यांच्या आरंभी निसर्गातील यिन व यांग या तत्त्वांचा संघर्ष होतो, म्हणून त्या दिवसाच्या आधी व नंतर पाच-पाच दिवस पतिपत्नींनी वेगळे निजावे, असा नियम त्यात दिला आहे.

सातव्या शतकातील थोर वैद्य सुन सिमियाओ (मृत्यू इ. स. ६८२) यांनी ऋतुनिहाय आहाराचे गणितच मांडले. पंचतत्त्व सिद्धांतानुसार प्रत्येक ऋतूचे एक इंद्रिय व एक रस ठरलेला आहे. वसंताचे यकृत व आंबट, ग्रीष्माचे हृदय व कडू, शरदाचे फुप्फुस व तिखट, हेमंताचे मूत्रपिंड व खारट. ज्या ऋतूत जे इंद्रिय आधीच प्रबळ असते, ते आपल्या ताब्यातील दुसऱ्या इंद्रियाला दडपते. म्हणून वसंताच्या ७२ दिवसांत आंबट कमी करून गोड वाढवावे व प्लीहेला आधार द्यावा, असे ते सांगतात. ग्रीष्मात कडू कमी व तिखट अधिक, शरदात तिखट कमी व आंबट अधिक, हेमंतात खारट कमी व कडू अधिक, हाच क्रम पुढे चालतो. प्रत्येक ऋतूच्या शेवटचे १८ दिवस संधिकाळाचे असून त्यांत गोड कमी करून खारट वाढवावे. चार वेळा ७२ आणि चार वेळा १८ मिळून ३६० दिवस होतात. अष्टांगहृदयातील ऋतुसंधीची कल्पना भारतीय वाचकाला येथे आठवेल. तेथे मागील ऋतूचे शेवटचे सात व पुढील ऋतूचे पहिले सात दिवस संधीचे मानले आहेत.

पुढील शतकांत या ज्ञानाचे स्वरूप अधिक घरगुती झाले. सोंग काळातील जिल्हाधिकारी छेन झी यांनी वृद्ध मातापित्यांच्या शुश्रूषेवर ग्रंथ लिहिला. त्याची वाढवलेली आवृत्ती १३०७ मध्ये झोउ श्वान यांनी सिद्ध केली. चार ऋतूंत वृद्धांना काय खाऊ घालावे व त्यांची काळजी कशी घ्यावी, हे त्यात आहे. म्हणजे ऋतुचर्या हे पुत्राचे कर्तव्य ठरले. मंगोल दरबारातील आहारतज्ज्ञ हू सिह्वेई यांनी १३३० मध्ये सादर केलेल्या 'यिनशान झेंगयाओ' या ग्रंथात वसंतात गहू, ग्रीष्मात कडधान्य, शरदात तीळ व हेमंतात चिकट बाजरीवर्गीय धान्य सुचविले आहे.

मिंग काळात या परंपरेला नागरी ऐश्वर्याचा रंग चढला. हांगझौ येथील गाओ लिएन यांचा 'झुनशेंग बाजिएन' हा ग्रंथ १५९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या आठ भागांपैकी एक संपूर्ण भाग ऋतुचर्येचा आहे. औषधे व व्यायाम यांच्या जोडीला हांगझौच्या पश्चिम सरोवराकाठी कोणत्या ऋतूत कोणते सौंदर्य पाहावे, याचीही सूचना तेथे आहे. हा आनंद अस्सल आहे, यात शंका नाही. परंतु हेमंतात सूर्य वर येईपर्यंत निजून राहण्याची मुभा, ग्रीष्मातील सरोवरविहार आणि महिन्यागणिक बदलणारे पदार्थ हे सर्व ज्याला परवडते, त्याच वर्गासाठी हा ग्रंथ होता. भातशेतीत राबणाऱ्या कुळाचे ऋतुमान निराळे होते. त्याला ऋतूशी सुसंगत वागावे लागे ते आरोग्यासाठी नव्हे, तर पिकासाठी.

साथीच्या रोगांचे आव्हान :

ऋतुसिद्धांताची खरी कसोटी साथीच्या काळात लागली. हान साम्राज्याच्या अखेरीस वैद्य झांग झोंगजिंग यांच्या दोनशेहून अधिक माणसांच्या कुळातील दोनतृतीयांश माणसे इ. स. १९६ पासूनच्या दहा वर्षांच्या आत मरण पावली आणि त्यांतील बहुसंख्य मृत्यू शीतबाधेने झाले, असे त्यांच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नमूद आहे. त्यांच्या 'शांगहान' म्हणजे 'शीतबाधा' या मांडणीने ज्वरांचा संबंध बाह्य थंडीशी जोडला. हेमंतात शिरलेली थंडी शरीरात दडून राहते व वसंतात ज्वररूपाने प्रकट होते, हे मत अनेक शतके मान्य राहिले.

१६४१ मध्ये शानदोंग, झेजियांग व दोन्ही राजधान्यांच्या परिसरात भीषण साथ पसरली. सुझौ परिसरातील वैद्य वू योउशिंग यांनी पाहिले की, शीतबाधेचे जुने उपचार निरुपयोगी ठरत आहेत आणि रुग्ण चुकीच्या औषधाने मरत आहेत. १६४२ मध्ये लिहिलेल्या 'वनयी लुन' या ग्रंथात त्यांनी धाडसी निष्कर्ष काढला. थंडी-उष्णता हे ऋतूंचे नेहमीचे गुणधर्म आहेत. साथ मात्र हवामान यथायोग्य असतानाही येते. तिचे कारण ऋतूचा बिघाड नसून नाका-तोंडावाटे शिरणारे एक स्वतंत्र दूषित तत्त्व आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. रोगांचा जंतुसिद्धांत प्रस्थापित होण्याच्या सुमारे दोन शतके आधीचा हा विचार आधुनिक जंतुशास्त्र नव्हे. तरीही त्याने एक गोष्ट साधली. साथीत मेलेल्या माणसाने आपल्या ऋतुचर्येत चूक केली होती, हा अध्याहृत आरोप त्याने दूर केला. चिनी परंपरेतील हे आत्मपरीक्षण परंपरेच्या आतूनच आले, याची नोंद घेणे आवश्यक आहे.

आधुनिक राज्य आणि ऋतुचर्या :

'वेइशेंग' या शब्दाचा इतिहास या स्थित्यंतराचा उत्तम साक्षीदार आहे. 'जीवनाचे रक्षण' या अर्थाचा हा शब्द 'झुआंगझी' या ताओवादी ग्रंथात येतो. १२२२ मध्ये चंगीझ खानाने ताओवादी आचार्य छिउ छूजी यांना अमरत्वाचे औषध विचारले, तेव्हा जीवनरक्षणाचे मार्ग आहेत, पण अमर करणारे औषध नाही, असे उत्तर त्यांनी दिल्याची नोंद त्यांच्या शिष्याने केली आहे. त्या उत्तरातही हाच शब्द आहे. एकोणिसाव्या शतकात जपानी अधिकारी नागायो सेन्साई यांनी युरोप व अमेरिकेतील आरोग्यव्यवस्था पाहून आल्यावर याच चिनी शब्दाची योजना शासकीय आरोग्यरक्षणासाठी केली आणि १८७५ मध्ये जपानच्या गृहखात्यात त्या नावाचा विभाग आला. हा अर्थ पुढे चीनमध्ये परतला. १९१०-११ च्या मांचुरियातील प्लेगच्या वेळी डॉ. वू लिएन-ते यांनी विलगीकरण, मुखपट्टी व दहन यांच्या साह्याने साथ आटोक्यात आणली, तेव्हा 'वेइशेंग' म्हणजे राज्याने राबवायची सार्वजनिक स्वच्छता, हे समीकरण दृढ झाले.

१ जानेवारी १९१२ रोजी चिनी प्रजासत्ताकाने ग्रेगरियन दिनदर्शिका स्वीकारली. १९२९ च्या फेब्रुवारीत जपानमध्ये शिकलेले डॉक्टर यू यान यांनी जुन्या वैद्यकाचे क्रमाक्रमाने उच्चाटन करण्याचा प्रस्ताव केंद्रीय आरोग्य समितीपुढे ठेवला. त्याविरुद्ध १७ मार्च १९२९ रोजी देशभरातील पारंपरिक वैद्यांचे प्रतिनिधी शांघायमध्ये एकत्र आले आणि प्रस्तावाची अंमलबजावणी झाली नाही. त्याच सुमारास राष्ट्रवादी शासनाने जुने पंचांगही हटविण्याचा प्रयत्न केला. तोही लोकांनी मनावर घेतला नाही. वैद्यक व पंचांग यांवर एकाच वेळी आघात व्हावा, हा योगायोग नव्हे. कारण दोहोंचा पाया एकच होता.

१९४९ नंतर साम्यवादी शासनाने वेगळा मार्ग धरला. १९५२ पासून देशभक्तीच्या नावाने स्वच्छतेची जनचळवळ उभारली गेली आणि १९५६ मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगझौ व छंगदू येथे पारंपरिक वैद्यकाच्या शिक्षणसंस्था निघाल्या. परंतु १९८० नंतर कम्यून मोडले, त्यांच्या बरोबर ग्रामीण सहकारी वैद्यकीय व्यवस्था कोसळली. १९९० च्या दशकात सरकारी उद्योगांतून लाखो कामगार कमी झाले व त्यांचे वैद्यकीय संरक्षणही गेले. नेमक्या याच काळात यांगशेंगची पुस्तके, व्याख्याने व दूरदर्शन कार्यक्रम यांची लाट आली. ज्याला दवाखान्याचे बिल परवडत नाही, त्याने आजारीच पडू नये, हा तिचा व्यावहारिक अर्थ होता. २०१० मध्ये मुगाच्या पाण्याने अनेक असाध्य रोग बरे होतात, असे सांगणाऱ्या एका लोकप्रिय प्रचारकाची शैक्षणिक पात्रता खोटी असल्याचे उघड झाले. ग्रीष्मात शीतल म्हणून मूग खाणे ही जुनी, निरुपद्रवी चाल. तिचे रूपांतर उपचाराच्या दाव्यात झाले, तेव्हा ती घातक ठरली.

त्याच वेळी परंपरेचा जिवंत भागही टिकून आहे. १६९५ मध्ये झांग लू यांच्या ग्रंथात दम्यासाठी वर्षातील सर्वांत उष्ण अशा 'सानफू' दिवसांत पाठीवर पांढऱ्या मोहरीचा लेप लावण्याची पद्धत वर्णिली आहे. हिवाळ्यातील रोगावर उन्हाळ्यात उपाय करण्याची ही रीत आज चिनी रुग्णालयांतून मोठ्या प्रमाणावर चालते. तिच्या परिणामकारकतेबाबत मात्र अद्याप एकमत नाही. ३० नोव्हेंबर २०१६ रोजी चोवीस सौरविभागांचा समावेश युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाला.

निष्कर्ष :

१) चिनी ऋतुचर्या हे अपरिवर्तित ज्ञान नाही. तिचा उगम राजसत्तेच्या कर्तव्यात आहे. वैद्यकीय, कौटुंबिक व व्यापारी ही तिची नंतरची रूपे आहेत.
२) या प्रवासात नियम बहुतांशी तेच राहिले, परंतु त्यांची जबाबदारी राजाकडून गृहस्थाकडे आणि गृहस्थाकडून एकट्या व्यक्तीकडे आली.
३) १६४२ मधील वू योउशिंग यांची मांडणी दाखवते की, व्यक्तिगत चर्येने सामुदायिक रोगाचे स्पष्टीकरण होत नाही, ही जाणीव या परंपरेला स्वतःलाच झाली होती.
४) ऋतूनुसार खाणे, निजणे व फिरणे यांत सुख व शहाणपण आहे. मात्र ते सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेचा पर्याय म्हणून पुढे केले जाते, तेव्हा व्यवस्थेचे अपयश रुग्णाच्या माथी मारले जाते.

दुनह्वांगजवळच्या चौकीच्या भिंतीवरील राजादेश येणाऱ्या-जाणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी लिहिलेला होता. झाडे, घरटी आणि प्रजेचे आरोग्य यांचा ऋतू सांभाळण्याचे काम प्रथम सत्तेचे आहे, हे तो आदेश मान्य करतो. ऋतुचर्येचा वारसा जपताना तिचा हा विसरलेला अर्धा भागही जपला जाणे आवश्यक आहे. ही गोष्ट चीनइतकीच ऋतुचर्येची स्वतःची परंपरा असलेल्या भारतीय समाजालाही लागू पडते.